खेळाचा शेवट

‘खेळ’ या शब्दाची आपल्या भाषेंत मोठी चमत्कारिक अवस्था आहे. एखाद्याच्या कामांत गांभीर्य नसलें म्हणजे त्यानें पोरखेळ मांडला आहे असें आपण म्हणतों. आणि ज्याच्याहून गंभीर असें कांहींच नाहीं त्या परमेश्वराच्या विश्वनिर्मितीस नांव द्यावयाची पाळी आली म्हणजे तिलाहि आपण लीलाच म्हणतों. सृष्टि निर्माण करण्यांत ईश्वराचें प्रयोजन काय, या प्रश्नाला बादरायणांनीं ब्रह्मसूत्रांत याच शब्दानें उत्तर दिलें आहे. पूर्णकामाला कांहीं मिळवावयाचें उरलेलें नसतें. तेव्हां ही केवळ त्याची लीला. निंदेच्या तळाशीं आणि स्तुतीच्या शिखरावर अशी एकच कल्पना बसलेली आहे. माझ्या मतें दोन्हीकडे अभिप्रेत असलेलें लक्षणहि एकच आहे. खेळणारा कोणाच्या धाकानें खेळत नाहीं, पोटासाठीं खेळत नाहीं. त्याला वाटलें म्हणून तो खेळांत शिरला आणि वाटेल तेव्हां तो उठून जाईल. ही मोकळीक पोराच्या ठिकाणीं बेजबाबदारी ठरते आणि ईश्वराच्या ठिकाणीं ऐश्वर्य ठरते, इतकेंच.

हें लक्षण मान्य केलें म्हणजे आजच्या एका अवाढव्य धंद्याविषयीं अडचणीचा प्रश्न उभा राहतो. मी व्हिडिओ गेमचा जुना चाहता आहें, हें आधींच सांगून टाकतों. या खेळांत काल फुकट जातो असें म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मला बसावयाचें नाहीं. चांगल्या कादंबरीनें जें दिलें तें कांहीं चांगल्या खेळांनींहि मला दिलें आहे. पण खेळणाऱ्यास उठून जातां येऊं नये अशाच बेतानें जो रचला आहे, त्याला खेळ म्हणावें काय? आणि म्हणावयाचें नसेल, तर त्याच्यापायीं होणाऱ्या हानीचा जाब कोणाला विचारावयाचा? खेळणाऱ्याला, कीं रचणाऱ्याला?

या प्रश्नाची चर्चा बहुधा तासांच्या हिशेबानें होते. मुलगा चार तास मोबाईल घेऊन बसतो, म्हणून तो बिघडला, असा घरोघरींचा न्याय आहे. चीन देशाच्या सरकारनें तर १८ वर्षांखालील मुलांनीं आठवड्यांतून फक्त शुक्रवार, शनिवार व रविवार आणि सुटीच्या दिवशीं रात्रीं ८ ते ९ एवढाच वेळ ऑनलाइन खेळावें, असा नियम २०२१ सालीं करून टाकला. मला हा न्याय पटत नाहीं, आणि न पटण्याचें कारण आमच्या शेगांवांतच रोज दिसतें. गजानन महाराजांच्या मंदिराच्या पारायण-मंडपांत ‘गजानन विजय’ ग्रंथाचे एकवीस अध्याय एका आसनावर वाचून उठणारीं माणसें असतात. पांच-सहा तास तीं पानावरून नजर काढीत नाहींत. कोणी हांक मारली तरी ओ देत नाहींत. तासच मोजावयाचे तर फोनवर वाकलेला मुलगा आणि पोथीवर वाकलेली त्याची आजी यांत फरक राहत नाहीं. खेळाच्या व्यसनाला जागतिक आरोग्य संघटनेनें रोगांच्या यादींत घातलें, ती यादी १ जानेवारी २०२२ पासून अंमलांत आली. तिच्या व्याख्येंतहि तासांची मर्यादा दिलेली नाहीं. खेळण्यावरचा ताबा सुटणें, इतर सर्व गोष्टींहून खेळाला अग्रक्रम मिळणें, आणि नुकसान दिसत असूनहि तो चालूच राहणें, अशीं तिचीं लक्षणें आहेत. येथें वैद्यांनीं सरकारापेक्षां अधिक विवेक दाखविला असें म्हणावें लागतें.

मग आजीचें वाचन आणि नातवाचा खेळ यांत फरक कोठें आहे? पारायण या शब्दांतच तो आहे. पार म्हणजे पैलतीर, आणि अयन म्हणजे तेथवर जाणें. एकविसावा अध्याय संपला कीं ग्रंथ मिटावयाचा, नमस्कार करावयाचा आणि महाप्रसादाच्या रांगेंत जाऊन उभें राहावयाचें. ग्रंथ मागून हांक मारीत नाहीं. पुन्हां वाचावेंसें वाटलें तर तें वाटणें वाचणाऱ्याचें असतें.

‘हांक’ हा शब्द मी सहज वापरला नाहीं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत जुगाऱ्याच्या तोंडीं घातलेलें एक सूक्त आहे. त्यांतला जुगारी आतां पुन्हां जावयाचें नाहीं असें मनाशीं ठरवितो. इतक्यांत पटावर पडणाऱ्या फांशांचा आवाज त्याच्या कानीं येतो, आणि संकेतस्थळीं जाणाऱ्या स्त्रीप्रमाणें तो तिकडे धांवत सुटतो. महाभारतांतल्या धर्मराजाची स्थिति याहून वेगळी नाहीं. द्यूतासाठीं कोणी आव्हान दिलें असतां मी माघार घेत नाहीं, असें तो म्हणतो. पहिल्या द्यूतांत सर्वस्व गेलें, द्रौपदीमुळें तें परत मिळालें, पांडव घराच्या वाटेला लागले. आणि अर्ध्या वाटेवर पुन्हां बोलावणें येतांच, परिणाम ठाऊक असतांना, तो परत फिरला. त्याच्या चुकीवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु अर्ध्या वाटेवर माणूस पाठविणाऱ्याला ती वेळ कशी सांपडली, याचा विचार फारसा झालेला दिसत नाहीं. शकुनीचें खरें कौशल्य फांसे टाकण्यांत होतें, कीं बोलावणें केव्हां पाठवावें हें जाणण्यांत होतें?

आज हें बोलावणें पाठविण्याचें शास्त्र झालें आहे. शेगांवच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकलेला एक तरुण पुण्यास मोबाईलवरचे खेळ करणाऱ्या एका कंपनींत कामाला आहे. त्यानें मला या धंद्याची रीत समजावून सांगितली. सकाळीं कचेरींत गेल्यावर प्रथम पाहावयाचा आंकडा एकच: काल जितके लोक पहिल्यांदा आले, त्यांतले आज किती परतले? तसाच हिशेब सातव्या दिवशींचा आणि तिसाव्या दिवशींचा. ज्या पायरीवर बरेच लोक खेळ टाकून जातात ती पायरी शोधून काढावयाची आणि तेथें एखादी भेट ठेवावयाची. चोवीस तासांत न परतणाऱ्याच्या फोनवर घंटी वाजवावयाची कीं, तुमचें आजचें बक्षीस वाट पाहत आहे. लागोपाठ सात दिवस आला तर सातव्या दिवशीं मोठें बक्षीस. एक दिवस चुकला कीं मोजणी पुन्हां पहिल्यापासून.

हें शेवटचें कलम ऐकून मला हंसूं आलें. कारण ही तर आपल्या नेमाची हुबेहूब नक्कल आहे. गुरुवारीं दर्शनास येण्याचा नेम असलेल्या माणसाचा एक गुरुवार चुकला तर त्याला दिवसभर चुकल्यासारखें वाटतें. मनुष्यस्वभावांतला हाच धागा कंपनीनें हेरला आणि आपल्या खुंटीला बांधला. येथें कोणी म्हणेल कीं, तसें असेल तर देऊळहि त्याच धाग्यावर चाललें आहे. आक्षेप वाजवी आहे, आणि श्रद्धाळू वाचकांनीं त्यावर रागावण्याचें कारण नाहीं. परंतु नेमाचा संकल्प ज्याचा तो सोडतो, आणि त्याला मुदत असते. सोळा सोमवार म्हणजे सोळाच. त्यानंतर उद्यापन. बऱ्याच व्रतांच्या कहाणींत उद्यापनाचा विधि सांगितल्यावांचून गोष्ट पुरी होत नाहीं. ज्यानें आपलीं व्रतें आपल्याला न विचारतां सुरू केलीं, त्यानें त्यांचें उद्यापन मात्र कोठेंच लिहून ठेविलेलें नाहीं.

यावर धंद्याचें नेहमींचें उत्तर असें कीं, आम्ही कोणाच्या हाताला धरून बसवीत नाहीं. ज्याला नको त्यानें फोन बंद करावा. इच्छाशक्ति दुबळी असली तर तो खेळणाऱ्याचा दोष. हें उत्तर पूर्णपणें खोटें नाहीं, म्हणूनच तें धोक्याचें आहे. मनुष्याला आपल्या कृतीबद्दल जबाबदार धरणें हा त्याचा मानच आहे. त्याला केवळ बाहुलें ठरवून निर्दोष सोडणें यांत त्याचा अपमान आहे. पण इच्छा स्वतंत्र आहे असें मानणारा मनुष्य त्या इच्छेवर रात्रंदिवस हत्यारें चालवीत नाहीं. शेंकडों माणसें पगार देऊन एकाच कामाला लावावयाचीं, कीं समोरच्याचा ‘आतां पुरे’ हा विचार त्याच्या मनांत येण्यापूर्वीच ओळखावा आणि मोडावा; आणि तो मोडला गेल्यावर म्हणावयाचें कीं, हा त्याचा स्वतःचा निर्णय होता! दुबळेपणा कोठें आहे याची ज्याला तारीखवार माहिती आहे, त्याला त्या दुबळेपणाच्या अर्ध्या भागाचा तरी धनी व्हावेंच लागेल.

कादंबरीकारहि वाचकाला रात्रभर जागवितोच कीं, असेंहि म्हणतात. खरें आहे. मासिकांतून क्रमशः येणाऱ्या कादंबरीच्या पुढच्या प्रकरणासाठीं आपल्या पणजोबांनीं महिना महिना वाट पाहिली आहे. परंतु लेखक आपल्याला कोठें तरी घेऊन चाललेला असतो. तेथें पोंचल्यावर तो आपल्याला सोडतो, आणि त्या सोडण्यावरूनच आपण त्याची योग्यता ठरवितों.

आपल्याकडच्या एका जुन्या खेळाला हें मर्म ठाऊक होतें. मोक्षपटाचें कर्तृत्व परंपरा ज्ञानेश्वरांकडे देते. त्याच जातीचे पट जैनांतहि होते. कवड्या टाकून घरें चढावयाचीं, सद्गुणांच्या शिडीनें वर जावयाचें, दुर्गुणाच्या सापानें खालीं यावयाचें, आणि शेवटचें घर मोक्षाचें किंवा वैकुंठाचें. साहेबांनीं हा खेळ विलायतेस नेला, तेथें तो मुलांचा झाला, आणि मूळचीं नांवें गळून नुसते साप व शिड्या राहिल्या. उपदेश म्हणून मोक्षपट मला थोडासा कंटाळवाणाच वाटतो. कवडीच्या दानानें मिळणारा मोक्ष हा वेदान्त्यांनाहि पचणारा नाहीं. पण त्याच्या रचनेंत एक गोष्ट बिनतोड आहे. त्यांतलें सर्वांत मोठें बक्षीस म्हणजे खेळांतून सुटणें.

माझ्या लहानपणच्या व्हिडिओ गेमांतहि हें होतें. १९८३ सालीं जपानांत निघालेल्या निन्तेन्दोच्या यंत्राच्या नकला पुढें आपल्याकडे ‘समुराई’ वगैरे नांवांनीं आल्या. त्यांच्या कॅसेटींवर ‘९९,९९,९९९ खेळ’ असें छापलेलें असे आणि आंत पांच-सातच निघत. नामरूप भिन्न पण तत्त्व एक, हा अद्वैतसिद्धान्त आमच्या पिढीला त्या कॅसेटींनीं शिकविला. १९८५ सालच्या मारिओचीं बत्तीस प्रकरणें. त्यांत खेळ जतन करण्याची सोय नव्हती, आणि आमच्या भागांत भारनियमन होतें. तेव्हां बत्तिसाव्या प्रकरणापर्यंत पोंचणें हें कौशल्याइतकेंच दैवाचेंहि काम होतें. पण पोंचलों कीं राजकन्या भेटे, खेळ आभार मानी, आणि आम्ही बाहेर उन्हांत जात असूं. जुने लोक लोभी नव्हते असें मी म्हणत नाहीं. नाणें टाकून खेळावयाचीं यंत्रें मुद्दाम अवघड केलेलीं असत, नाणीं लौकर संपावींत म्हणून. मात्र तो लोभ दिसत होता. खिशांतलीं नाणीं मोजतां येत होतीं, आणि मागें उभा असलेला मुलगा आपली पाळी मागत होता.

मग शेवट गेला कोठें? याचें उत्तर नीतिशास्त्रांत नसून जमाखर्चाच्या वहींत आहे. मोठा खेळ तयार करावयास आतां शेंकडों माणसें, पांच-सात वर्षें आणि अब्जावधि रुपये लागतात. तो एकदां विकून हा खर्च निघण्याची शाश्वती नसते; म्हणून मालकांना असा खेळ हवा असतो कीं, जो विकून संपत नाहीं, जो दर महिन्याला नवा पोशाख, नवें हत्यार, नवा ‘सीझन’ विकीत राहतो. गंमत अशी कीं, अमर व्हावयास निघालेले हे खेळच सर्वांत अल्पायुषी ठरत आहेत. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ हा खेळ २३ ऑगस्ट २०२४ रोजीं निघाला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. घेणाऱ्यांचे पैसे परत केले, आणि तो रचणारी संस्थाहि दोन महिन्यांच्या आंत मोडली. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ २०१४ पासून विकला जात होता. ३१ मार्च २०२४ रोजीं कंपनीनें आपला सर्व्हर बंद केला, आणि ज्यांनीं दाम मोजून तो घेतला होता त्यांना तो एकट्यानेंहि खेळतां येईना. त्यावरून चाहत्यांनीं चळवळ उभारली. खेळ बंद करतांना तो निदान खेळण्याजोगा ठेवून जा, एवढीच तिची मागणी, आणि २०२५ च्या जुलैपर्यंत युरोपांत तिच्या अर्जावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. इकडे १९८५ चा मारिओ मात्र कॅसेट फुंकून लावली तर आजहि चालतो. ज्याला शेवट होता तो टिकला. ज्याला शेवटच नको होता त्याला नुसता मृत्यु आला.

रचणाऱ्यांची दशा खेळणाऱ्यांहून बरी नाहीं. अटारी कंपनी आपल्या खेळांवर कारागिरांचें नांव घालीत नसे. वॉरेन रॉबिनेट या कारागिरानें ‘ॲडव्हेंचर’ खेळांत एका गुप्त दालनांत आपलें नांव लपवून ठेवलें. त्याच कंपनींतले दुसरे कांहीं कारागीर बाहेर पडले आणि १९७९ सालीं त्यांनीं ॲक्टिव्हिजन स्थापन केली. करणाऱ्याचें नांव खेळावर असावें हा तिचा एक मुख्य हेतु होता. तीच ॲक्टिव्हिजन वाढतां वाढतां, ऑक्टोबर २०२३ मध्यें, सुमारें ६९ अब्ज डॉलरांना मायक्रोसॉफ्टनें घेतली, आणि तीन महिन्यांनीं या नव्या संसारांतून १,९०० माणसांना घरीं पाठविण्यांत आलें. न संपणाऱ्या खेळांवर काम करणाऱ्यांची नोकरी तेवढी संपते.

आपल्या संसदेनें २०२५ च्या ऑगस्टमध्यें ऑनलाइन खेळांविषयीं कायदा केला आणि पैसे लावून खेळावयाच्या खेळांवर बंदी घातली. असे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड आहे. शेतकऱ्याच्या घरांत रमीच्या जाहिरातींनीं काय केलें हें विदर्भांत पाहणाऱ्यास या कायद्याचें वाईट वाटणार नाहीं. वैदिक सूक्तांतल्या जुगाऱ्यालाहि शेवटीं फांसे टाकून आपलें शेत नांगर असेंच सांगितलें आहे. (त्याच खेळांवर १ ऑक्टोबर २०२३ पासून सरकार शेंकडा २८ कर घेत होतें, हेंहि जातां जातां नोंदवून ठेवावें.) पण कायद्याची दृष्टि पणाला लावलेल्या पैशावर आहे. पैसे देऊन बंद पेटी घ्यावयाची आणि आंत काय निघेल तें दैवाधीन, ही युक्ति जुगारच आहे असें बेल्जियमच्या जुगार-नियंत्रक मंडळानें २०१८ सालींच ठरविलें. त्याहिपुढें जाऊन जेथें पैसाहि लागत नाहीं, नुसतें लक्ष आणि झोंप पणाला लागते, तेथें या बंदीचा हात पोंचलेला नाहीं. कदाचित् पोंचूंहि नये. तासांचा पहारेकरी घरांत बसविण्यापेक्षां, सुटलेल्याला मागून बोलावूं नये एवढें बंधन रचणाऱ्यांनीं स्वतःवर घालून घेतलें तर मला पुरे आहे. तें ते आपण होऊन घालतील असें मात्र दिसत नाहीं.

आणि याला आम्ही चाहतेहि कारण आहों. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा संस्थेनें २०२० सालीं ‘राजी’ नांवाचा खेळ काढला. राक्षसांनीं पळविलेल्या आपल्या धाकट्या भावाच्या शोधांत निघालेली एक मुलगी, तिच्याकडे पाहत एकमेकांशीं बोलणारे दुर्गा आणि विष्णु, आणि पहाडी चित्रांतून उचललेले रंग. २०१७ मध्यें लोकवर्गणीनें पैसे उभे करण्याचा त्यांचा यत्न फसला होता; तरी तो खेळ त्यांनीं पुरा केला. पांच-सहा तासांत तो संपतो. महाराष्ट्रांत तयार झालेला आणि जगानें दखल घेतलेला असा खेळ विरळा. पण त्याविषयीं बोलतांना चाहत्यांची पहिली तक्रार कोणती, तर तो लहान आहे. आम्ही किंमतीला तासांनीं भागतों. तासाला किती रुपये पडले, हा आमचा रसास्वाद! कादंबरी पानांच्या वजनावर घेणाऱ्या माणसाला आपण काय म्हणूं? जो गिऱ्हाईक शेवटाला तोटा समजतो, त्याला शेवट नसलेला माल मिळाला तर त्यानें कोणाकडे तक्रार करावी?

पुण्याच्या त्या तरुणानें एकदां आपल्या कंपनींत सुचविलें होतें कीं, तासभर सलग खेळल्यावर पडद्यावर एक चित्र यावें: अंगणांत संध्याकाळ झाली आहे, खेळांतलीं पात्रें घरीं निघालीं आहेत, आणि खालीं ‘आज एवढेंच’ असे दोन शब्द. चालू ठेवावयाचा असेल त्याला चालू ठेवतां येईल. नुसतें एक दार उघडें राहील. वरिष्ठांनीं चित्राची तारीफ केली. मग विचारलें कीं, यानें सातव्या दिवशींचा आंकडा किती वर जाईल? त्याच्यापाशीं उत्तर नव्हतें. तें चित्र त्यानें मला आपल्या फोनवर दाखविलें; अंगणांतल्या लिंबाच्या झाडाला त्यानें आपल्या शेगांवच्या घरामागच्या झाडाचाच आकार दिला आहे.